साखळीचा हिसका न देता कुत्रं शिकवायचा वर्ग, सोलापुरात : सहा घरं जमतील का?

बुंदीची आई (जुळे सोलापूर)

नमस्कार मंडळी. लिहिणं जरा लांबणार आहे, पण ज्यांच्या घरी कुत्रं आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. मला सहा घरं हवी आहेत आणि आत्ता दोनच जमली आहेत.

बुंदी आमची देशी कुत्री, दीड वर्षाची. दोन महिन्यांची असताना विजापूर रोडला एका टपरीखाली पावसात कुडकुडत बसलेली सापडली. घरात अगदी सोन्यासारखी. पण रस्त्यावर स्कूटर दिसली रे दिसली की दोरीच्या टोकापर्यंत झेप. एकदा तर माझा खांदा निखळता निखळता राहिला. म्हणून ओळखीतून एक घरी येऊन शिकवणारे गृहस्थ बोलावले. ३० दिवस, १० हजार रुपये. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून साखळीचा फास काढला. झेप घेतली की हिसका. "दोन-चार हिसक्यांत कळतं त्यांना," म्हणाले. आठवड्याभरात झेप खरंच थांबली आणि आम्ही खूश झालो.

मग एके दिवशी मी कपाटातून छत्री काढत होते. आत टांगलेली साखळी नुसती खुळखुळली आणि बुंदी बसल्या जागी मुतली. शेपूट पोटाखाली, कान मागे, नजर माझ्या हातावर खिळलेली. माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, फक्त हाताकडे. पंधरा दिवसांनी तिने शेजारच्या मुलाच्या स्कूटरवर धाव घेतली आणि त्याच्या पँटला दात लावले. आधी ती गुरगुरायची, केस उभे करायची, आपल्याला सावध व्हायला वेळ मिळायचा. त्या दिवशी आवाजसुद्धा काढला नाही. हिसक्यांनी तिची भीती गेलीच नव्हती, भीती सांगायची सोय तेवढी गेली होती. हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

त्यानंतर पुण्यातल्या एका बाईंकडे ऑनलाइन शिकले. फास बंद, छातीचा पट्टा आणि सहा फुटी साधी दोरी. कमरेला बटवा, बटव्यात पनीरचे हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे. पहिला आठवडा घरातच. मी "हां!" म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, एवढंच. "हां" म्हणजे "आत्ता जे केलंस ना, त्याचाच हा खाऊ" हे तिच्या डोक्यात पक्कं झाल्यावर मग बाहेर. आमच्या गल्लीच्या टोकाला रस्त्यापासून चाळीस पावलांवर उभी राहायचे. तिथून तिला स्कूटर दिसायची आणि तरीही तोंडात पनीर जायचं. पस्तीस पावलांवर गेलं की पनीर तोंडातून खाली पडायचं. म्हणजे आमची जागा चाळीसची. स्कूटर आली, "हां", तुकडा. गेली, तुकडे बंद. साधारण दहाव्या दिवशी स्कूटरचा आवाज आला, बुंदीचा डावा कान तिकडे वळला आणि मान मात्र माझ्याकडे! मी "हां" म्हणताना अक्षरशः रडले. आता पाच महिने झाले, बारा पावलांवर आलो आहोत. अजून पुष्कळ बाकी आहे.

आता मुद्दा. त्या बाई म्हणतात, सहा घरं झाली तर महिन्यातून एक रविवार त्या सोलापूरला येतील, मधले तीन रविवार आपण आपल्यात सराव करायचा. आमच्या ओळखीच्यांचा तारेचं कुंपण असलेला रिकामा प्लॉट आहे. कोण येतंय?

सात रस्ता

आमचा लॅब्राडोर, ८ महिन्यांचा. बिस्कीट हातात असेपर्यंत सगळं ऐकतो. बस, उठ, शेकहँड, सगळं. बिस्कीट संपलं की ओळखसुद्धा दाखवत नाही. मग ही पद्धत आयुष्यभर बटवा बांधून फिरायची आहे का? खरंच विचारतोय, चेष्टा नाही.

मोहोळकर

ताई, राग मानू नका. आमच्या वस्तीवर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री हायत. कुणी पनीर चारलं न्हाई का वर्ग लावला न्हाई. चुकलं की एक फटका, संपला विषय. रानात राखण करतंय, मेंढरात जातंय, सगळं बरोबर करतंय. शहरात कुत्र्याला पोरासारखं वाढवलालेत म्हणून हे सगळे उद्योग करावं लागलालेत.

रेल्वे लाइन्स

मोहोळकरांशी सहमत. कुत्रा म्हणजे लांडग्याची जात. कळपात एक म्होरक्या असतो. आपण म्होरके झालो नाही तर तो होतो. आधी आपण जेवायचं, दारातून आधी आपण बाहेर पडायचं, गादीवर चढू द्यायचं नाही.

मानसशास्त्रवाली

मी कॉलेजात हाच विषय शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी रेल्वे लाइन्स यांचा म्होरक्या. हे चित्र आलं १९४७ मध्ये, रुडॉल्फ शेंकेल यांच्या निरीक्षणांतून. पण ते लांडगे पिंजऱ्यातले होते, एकमेकांना अनोळखी, एका जागी कोंडलेले. पुढे डेव्हिड मेक यांनी लांडग्यांचा मोकळ्या रानात वर्षानुवर्षं अभ्यास केला. मेक यांच्याच १९७० च्या पुस्तकामुळे 'अल्फा', म्हणजे कळपाचा म्होरक्या, हा शब्द घरोघरी पोचला होता, आणि त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे मारामारी करून कोणी गादी मिळवत नाही. तेव्हा तुमचा कुत्रा गादीवर चढतो तो गादी मऊ आहे म्हणून. चढू द्यायचं की नाही हा तुमच्या घराचा नियम, तो जरूर ठेवा. पण राज्य जाईल या भीतीने नको.

आता 'पॉझिटिव्ह'. बुंदीच्या आईंच्या खाऊच्या पद्धतीला 'पॉझिटिव्ह' शिकवणं म्हणतात. इथे त्याचा अर्थ गोड-गोड असा नाही, गणितातलं अधिक. वागणुकीनंतर काहीतरी मिळालं आणि त्यामुळे ती वागणूक वाढली, तर ते धन प्रबलन. काहीतरी नकोसं काढून घेतल्यामुळे वाढली, तर ऋण प्रबलन. फासाचा ताण सैल झाला म्हणून कुत्रं जवळ चालू लागलं, हे ऋण प्रबलन. हिसका दिल्यामुळे झेप कमी झाली, ती शिक्षा. एकाच साखळीत दोन्ही असतात. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरं पेट्यांत ठेवून दाखवलं की ज्या हालचालीने दार उघडून खाणं मिळतं ती हालचाल टिकते, बाकीच्या गळून पडतात. स्किनर यांनी १९३० च्या दशकात त्याचं शास्त्र बांधलं. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड हे दांपत्य ते प्रयोगशाळेबाहेर घेऊन आले आणि जनावरं शिकवण्याचा व्यवसायच त्यांनी काढला. डॉल्फिनला शिकवताना शिट्टी वाजवतात ना, तेच बुंदीच्या आईंचं "हां". डॉल्फिनच्या गळ्यात दोरी बांधता येत नाही. तो पोहून निघून गेला तर तुम्ही काय करणार? तिथे मन वळवूनच शिकवावं लागतं.

आणि सात रस्ता, तुमचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बिस्कीट आधी दाखवलं की ती लाच झाली. कुत्रा बिस्किटाकडे बघून बसतो, तुमच्या शब्दावर नाही. पहिले चार-पाच वेळा दाखवा, मग हात रिकामा ठेवून तीच खूण करा, बसला की "हां", आणि मगच खाऊ बटव्यातून किंवा फ्रिजवरच्या डब्यातून काढा. खाऊ कुठून येईल हे त्याला दिसता कामा नये. काम पक्कं झालं की दर वेळी देऊ नका. कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा, कधी एकदम तीन तुकडे. अनियमित मिळणारं बक्षीस वागणूक सर्वांत चिवट करतं. जेवताना ताटाशी भीक मागणारं कुत्रं आठवा. सहा दिवस कोणी काही देत नाही, सातव्या दिवशी आजोबा हळूच पोळीचा तुकडा टाकतात, आणि कुत्रं वर्षभर रोज ताटाशी बसतं.

मोहोळकर दादा, तुमच्या वस्तीवरची कुत्री उत्तम काम करतात यात शंकाच नाही. पण ती फटक्यामुळे करतात का, हे एकदा नीट बघा. मेंढरामागे धावणं हेच त्या कुत्र्याचं सर्वांत मोठं बक्षीस असतं.

पूर्व भाग

आमची अडचण वेगळीच आहे. घरात आजी तेलुगू बोलते, मी मराठी, मुलगी शाळेतलं इंग्रजी. आजी "कूर्चो" म्हणते, मी "बस", मुलगी "सिट". बोलवताना आजी "इट्रा", मी "इकडं ये", मुलगी "कम". शेजारी कानडी आहेत, ते "बा" म्हणतात. टॉमी बिचारा सगळ्यांकडे बघतो, गोंधळतो आणि उठून मागाच्या खोलीत जाऊन बसतो. लोक म्हणतात हट्टी आहे. मला तसं वाटत नाही.

बुंदीची आई

अहो, हट्टी मुळीच नाही! सोलापुरात निम्म्या घरांत हे होत असेल. बाईंनी मला सांगितलेलं सांगते. शब्दाआधी हाताची खूण शिकवा. कुत्री आपला हात आणि अंग शब्दांपेक्षा लवकर वाचतात. तळहात वर, कोपरातून उचललेला, म्हणजे बस. तिघांनीही हात तसाच करायचा, तोंड बंद ठेवून. ते पक्कं झालं की एकच शब्द ठरवा आणि तो हाताच्या अर्धा सेकंद आधी म्हणा. माझं ऐकाल तर आजीचा शब्द ठेवा. दिवसभर त्याच घरात असतात, आणि नातीला "कूर्चो" म्हणायला किती वेळ लागणार? नंतर हवे तर बाकीचे दोन शब्द तसेच एकेक करून जोडता येतात. कुत्र्याला भाषा किती हा प्रश्नच नाही, एका वेळी एक शिकवला पाहिजे एवढंच.

आजींना वर्गाला आणा. अगदी मनापासून सांगते.

अक्कलकोट रोड पशुवैद्य

धागा चांगला चालला आहे, दोन-चार गोष्टी दवाखान्याच्या बाजूने.

स्वभाव अचानक बदलला, हात लावला की गुरगुरू लागलं, तर आधी तपासणी. कानात पू, दाढ दुखणे, कंबर-खुब्याचं दुखणं, यातलं काही असेल तर कितीही पनीर दिलंत तरी उपयोग नाही. दुखणाऱ्या कुत्र्याला हट्टी ठरवून मार बसलेला मी फार वेळा पाहिला आहे, म्हणून हे पहिलं लिहिलं.

पिल्लू असेल तर सहा महिन्यांची वाट बघू नका. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात जे दिसतं, ऐकू येतं, ते त्याला आयुष्यभर ओळखीचं राहतं. पहिल्या लसीनंतर आठवडाभराने स्वच्छ जागी, लस झालेल्या कुत्र्यांमध्ये नेता येतं. गर्दी, रिक्षा, टोपीवाले काका, छत्री, भांड्यांचा आवाज, सगळं लांबून आणि खाऊसोबत. रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की, मग बूस्टर आणि तुमचे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या भागाच्या वर नको, आणि तो जेवणातून कापा. उकडलेली कोंबडी, अंडं, पनीर, सगळं बिनमिठाचं. आपली कडक भाकरी बारीक मोडून चालते, पण शेंगाचटणीचं बोटसुद्धा लावू नका, त्यात लसूण असतो. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि द्राक्षं, बेदाणे अजिबात नाही! आपल्याकडे घरोघरी बेदाण्याची पिशवी असते, मुलं प्रेमाने देतात, आणि काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशा बेदाण्यानेही बंद पडतात. चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं शुगरफ्री च्युइंगमही तसंच.

वर्ग सकाळी सहालाच घ्या. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, आणि कुत्र्याला घाम जवळपास येत नाही, ते धापा टाकूनच थंड होतं. डांबरावर आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. नाही ठेववली तर त्याचे पायही तिथे नकोत.

दोन देशी (बाळीवेस)

आमचं दुखणं जानेवारीत येतं. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम असतं आणि आमची काळी त्या रात्री मोरीत कोपऱ्यात शिरून थरथरत असते. यात्रा आमच्या जिवाभावाची, नंदीध्वज दारावरून जातात, ती सोडून कुठे जायचं? गेल्या वर्षी आवाज सुरू व्हायच्या आधी तिला चिकन दिलं. तर आता चिकन बघितलं तरी ती घाबरते. माझं काय चुकलं?

मानसशास्त्रवाली

क्रम उलटा झाला. आधी चिकन, मग धमाका, म्हणजे चिकन ही धमाक्याची सूचना झाली. आधी आवाज, मग लगेच चिकन असं हवं. आणि खऱ्या दारूकामापासून सुरुवात करू नका. दिवाळी झाली की फटाक्यांचं रेकॉर्डिंग फोनवर, इतक्या कमी आवाजात की तिचा फक्त कान हलेल. आवाज, तुकडा. आवाज बंद, तुकडे बंद. दिवसात पाच मिनिटं. ती थरथरली, खाणं नाकारलं, तर आवाज मोठा झाला असं समजा आणि मागे या. ज्या रात्री खरं दारूकाम असेल तेव्हा आतली खोली, खिडक्या बंद, पंखा मोठा, जाड चादर टाकून गुहेसारखी जागा. आणि ती जवळ आली तर खुशाल कुरवाळा. जवळ घेतल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे. फारच त्रास होत असेल तर डॉक्टरांशी औषधाबद्दल आधीच बोला, त्याच दिवशी धावपळ नको.

रेल्वे लाइन्स

लांडग्यांचं माहीत नव्हतं. वाचतो आहे. एक विचारतो, शिकवणारा माणूस बरा की नाही हे ओळखायचं कसं? सगळेच सांगतात आम्ही प्रेमाने शिकवतो.

बुंदीची आई

मी फसले आहे म्हणून हे आता तोंडपाठ आहे. विचारायचं, "माझ्या कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय कराल? चुकलं तर काय कराल? आणि याहून सौम्य दुसरा मार्ग आहे का?" उत्तर गोलगोल आलं, किंवा "ते तुम्ही माझ्यावर सोडा" असं आलं, तर नमस्कार करून निघायचं. कुत्रं घेऊन जातो आणि महिन्याने शिकवून आणतो म्हणणाऱ्याकडे डोळ्यांआड काय होतं ते आपल्याला कधीच कळत नाही. पहिला वर्ग कुत्र्यांशिवाय, फक्त माणसांचा घेणारी व्यक्ती मला विश्वासाची वाटते. विजेचा झटका देणारा पट्टा दाखवला तर एक शब्दही पुढे बोलू नका. वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे. आणि अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सगळ्या कुत्र्यांसाठी, चावणाऱ्यांसाठीसुद्धा, बक्षिसाचीच पद्धत वापरावी.

आपल्याकडेही १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा आहे. कुत्र्याला मारणं तर त्यात येतंच, पण आखूड किंवा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणं, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं हेही कलम ११ मध्ये गुन्हा म्हणून लिहिलेलं आहे. फार जणांना हे ठाऊक नसतं.

मोहोळकर

परवापासून वाचलालोय. मॅडमनी सांगितलेलं डोक्यात बसलं, मेंढरामागं धावायचं हेच बक्षीस. खरंय ते. आता माझं एक सांगा. वाघ्या, कारवान जातीचा, तीन वर्षांचा. उसात शिरला की हाक मारून घसा बसतोय, पर येत न्हाई. लांबनं बघतंय आणि उभं ऱ्हातंय. गेल्या महिन्यात रस्त्यावर ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचलं. फटका दिला तर अजून लांब पळतंय. ह्याला तुमचा उपाय काय?

बुंदीची आई

दादा, वाघ्या आल्यावर तुम्ही काय करता?

मोहोळकर

बांधतो. दुसरं काय करणार.

बुंदीची आई

मग "वाघ्या" या हाकेचा अर्थ त्याला चांगला कळला आहे. हाक म्हणजे दावं. तो शहाणा आहे, म्हणून येत नाही.

असं करा. जुनी हाक सोडून द्या, नवा आवाज घ्या. शिट्टी किंवा जिभेचा टाळा. पहिले तीन दिवस तो जवळ बसलेला असतानाच आवाज काढायचा आणि दुधात कुस्करलेली भाकरी पुढे ठेवायची. बोलवायचं नाही, नुसता आवाज आणि भाकरी. मग दहा पावलांवरून. आला की भाकरी, मान खाजवायची, आणि लगेच "जा" म्हणून सोडून द्यायचं. सोडणं विसरू नका, तेच त्याचं मोठं बक्षीस आहे. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा मोकळं सोडा. बांधायचं असेल तेव्हा हाक मारू नका, चालत जाऊन आणा. उसाच्या बाजूला नेताना छातीला पट्टा आणि तीस फूट हलका दोर, म्हणजे चुकून पळालाच तर पायाने दाबता येईल. आणि उशिरा आला तरी आल्यावर रागावू नका. त्याच्या लेखी तो आल्याबद्दलच मार खातो.

सात रस्ता

आठ दिवस डबा फ्रिजवर ठेवून केलं. आज बिस्कीट कुठेही दिसत नसताना पार्क चौकात, वडापावच्या गाडीशेजारी, एका शब्दात बसला. माझी दोन माणसं आणि एक लॅब, नाव लिहून घ्या.

पूर्व भाग

आम्ही येतोय. आजीसुद्धा. "कूर्चो" ठरलं.

दोन देशी

काळीला गर्दी नको आहे, कुंपणाच्या बाहेर लांब उभे राहिलो तर चालेल का?

बुंदीची आई

हो, नक्की! वर्गात प्रत्येक कुत्र्यामध्ये पंधरा फूट अंतर ठेवणारच आहोत, काळीला हवं तितकं जास्त. मध्ये चादरींचा आडोसाही बांधू. एकमेकांशी खेळवायचं नाही, ज्याचं त्याचं काम. म्हणजे पाच घरं झाली.

मोहोळकर

तीन आठवडे झाले, म्हणून लिहितोय. टाळ्याचा आवाज धरला. पहिले चार दिवस घरातली म्हातारी म्हणलालती, भाकरी कशाला वाया घालवलालास. काल सांच्याला वाघ्या उसाच्या सरीत शिरला. दोर सुटला माझ्या हातनं. रस्त्याला ट्रॅक्टर येलालता, मला घाम फुटला. टाळा वाजवला एकदा. ऊस हलायचा थांबला. मग पाचट वाजलं, अन् थेट पळत आला, दोर मागं फरफटत, माझ्या गुडघ्याला डोकं लावलं. माझ्याजवळ भाकरी न्हवती. खिशात गुळाचा खडा होता तो दिला, मग बसून मान खाजवत ऱ्हायलो. म्हातारी दारातनं बघलालती. आज तिनंच भाकरी कुस्करून ठेवली.

सहावं घर माझं धरा. मोहोळवरनं साडेपाचला निघावं लागंल.

बुंदीची आई

धरलं दादा! सहा घरं झाली. येत्या रविवारी पहिला वर्ग, फक्त माणसांचा, सकाळी सहा ते साडेसात. कुत्री घरी ठेवा. त्यापुढच्या रविवारपासून प्रत्येकाने लसीचं कार्ड, साधा पट्टा किंवा हार्नेस (छातीचा पट्टा), सहा फुटी दोरी, बसायला जुनी चादर, पाण्याची वाटी आणि बारीक कापलेला खाऊ आणायचा. गूळ थोडाच बरं का, दादा. प्लॉटचं फाटक अर्धंच उघडतं, म्हणून एका वेळी एकच कुत्रं आत न्यायचं, बाकीच्यांनी लिंबाच्या झाडाखाली थांबायचं. जागेचा पत्ता प्रत्येकाला निरोपातून पाठवते.